दक्षिण कोकणातील स्त्रियांचा रोजगार : उद्योगवार विचार

रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत काम करणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास एक विसंगती वारंवार आढळते. लावणीचे शेत, झोडणीचे खळे, काजूचा कारखाना, मासळीचा बाजार, आंब्याच्या पेट्या भरण्याची पडवी, या सर्व ठिकाणी स्त्रियांचे हात राबत असतात. परंतु त्याच स्त्रीच्या घरी जाऊन “घरातील बाई काय काम करते?” असे विचारल्यास “काही नाही, घरीच असते” असे उत्तर मिळते. कित्येकदा हे उत्तर ती स्त्री स्वतःच देते.

हे उत्तर खोटेपणाने दिलेले नसते. वर्षभर एकच काम, एकच मालक व महिन्याला ठराविक पगार म्हणजे रोजगार, अशी आपली समजूत झालेली आहे. कोकणातील स्त्रीचे काम या साच्यात बसत नाही. ते पाच-सहा उद्योगांत विभागलेले असून प्रत्येक उद्योग तिला काही आठवडे वा काही महिने काम देतो. सबब एकेका उद्योगाकडे पाहिले तर तिचा रोजगार तुटपुंजा दिसतो आणि सर्व उद्योग एकत्र पाहिले तर तिचे वर्ष भरलेले असते. प्रस्तुत लेखात या उद्योगांचा क्रमाने विचार करून, प्रत्येकात स्त्रियांकडे नेमके कोणते काम असते, त्याचा मोबदला कशावर ठरतो आणि कामाचे दिवस व दाम वाढविण्यास गावात काय करता येण्यासारखे आहे, हे सांगण्याचे योजिले आहे.

पार्श्वभूमी

कोकणातील पुरुष नोकरीसाठी मुंबईस जाण्याची प्रथा फार जुनी आहे. गिरण्या, गोदी व लहानमोठ्या नोकऱ्यांत पुरुष गुंतले आणि गावाकडील शेती, गुरे व वृद्ध यांचा भार स्त्रियांवर आला. १९८२ च्या संपानंतर गिरणीधंदा ओसरला, तरी स्थलांतर थांबले नाही. केवळ त्याचे स्वरूप पालटले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ व सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया आढळल्या. त्याच वेळी संपूर्ण राज्याचे प्रमाण ९२९ होते. गावातील शेतीचे निर्णय प्रत्यक्षात कोण पार पाडते, हे या आकड्यांवरून उघड होते.

दुसरा मोठा बदल फळबागांचा होय. १९९०–९१ पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम राज्यात सुरू झाला. कोकणातील वरकस व डोंगरउताराच्या जमिनींवर आंबा व काजूची लागवड झपाट्याने वाढली. ही झाडे फळांवर आल्यावर प्रक्रियेचे कारखाने व घरगुती उद्योग वाढले आणि स्त्रियांच्या कामाचे एक नवे दालन उघडले. म्हणजे आज काजूच्या कारखान्यात जे काम उपलब्ध आहे, त्याचे मूळ तीन दशकांपूर्वी खणलेल्या खड्ड्यांत आहे.

भातशेती

कोकणच्या शेतीचा कणा भात होय. नांगरणी-चिखलणी पुरुषांकडे आणि तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी ही कामे बहुतांशी स्त्रियांकडे, अशी वाटणी रूढ आहे. डोक्यावर इरले वा प्लास्टिकचा कागद घेऊन दिवसभर वाकून केलेले हे काम “साधे काम” समजले जाते. परंतु उत्पन्नाच्या दृष्टीने ते मुळीच साधे नाही. रोप ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर फुटवे कमी येतात. एका चुडात दोन-तीन ऐवजी सहा-सात रोपे लावली तर तरवा वाया जातो. अंतर वेडेवाकडे पडले तर बेणणी कष्टाची होते.

डॉ. ना. का. सावंत यांनी प्रसृत केलेली चारसूत्री भातशेतीची पद्धत या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. भाताच्या तुसाची राख व पेंढा यांचा पुनर्वापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, १५ व २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतराने नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या, ही तिची चार सूत्रे होत. यांपैकी शेवटची दोन सूत्रे पूर्णपणे लावणी करणाऱ्या हातांवर अवलंबून आहेत. प्रत्येक चार चुडांच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक गोळी हाताने खोल खोचावयाची असते. हेक्टरी सुमारे ६२,५०० गोळ्या, म्हणजे अंदाजे १७० किलो खत लागते. खताची बचत व उत्पन्नातील वाढ या दोहोंचे श्रेय दोरीवर अचूक लावणी करणाऱ्या स्त्रीकडे जाते. असे असूनही नवीन पद्धतीचे प्रात्यक्षिक बांधावर पुरुषांसमोर होते व शेतात उतरणाऱ्या स्त्रियांना ते सांगोवांगी कळते. हा क्रम बदलला पाहिजे. लावणीचे प्रशिक्षण लावणी करणारीलाच द्यावे.

अलीकडे लावणीची यंत्रे येऊ लागली आहेत. मजूर मिळत नाहीत अशा गावी ती उपयुक्त आहेत, यात शंका नाही. तथापि यंत्राबरोबर स्त्रियांच्या मजुरीचे काही दिवस कमी होतात. यंत्राला लागणारी चटई रोपवाटिका तयार करण्याचे काम गावातील बचतगटाने अंगावर घेतल्यास हा तोटा काही अंशी भरून निघू शकेल.

काजू प्रक्रिया

स्त्रियांच्या रोजगाराच्या दृष्टीने दक्षिण कोकणातील महत्त्वाचा उद्योग म्हणजे काजू प्रक्रिया. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले व गोव्यातून ते कोकणात पसरले. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती दिल्या. त्यांचे बी टपोरे असून गराचे प्रमाणही चांगले असते. काजू बीचा हंगाम साधारणतः फेब्रुवारी ते मे असा असतो. पडलेले बोंडू गोळा करून बी पिळून वेगळे करण्यापासून स्त्रियांचे काम सुरू होते.

कारखान्यात बियांवर पुढील क्रमाने प्रक्रिया होते. उन्हात वाळविलेल्या बिया वाफवून थंड करतात. नंतर हाताने वा पायाने चालणाऱ्या यंत्रावर कवच कापून आतील गर सुईने अलगद काढतात. हा गर ६० ते ७० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या भट्टीत सहा ते आठ तास सुकवितात, म्हणजे त्यावरील तांबूस साल सुटी होते. ती साल बोथट सुरीने सोलून, गर आकारमान व रंगाप्रमाणे निवडतात आणि हवाबंद डब्यांत भरतात. वाफवणी व भट्टी ही कामे सामान्यतः पुरुषांकडे असतात. कापणी, सोलणी व निवड ही स्त्रियांकडे.

आता या मालाचा भाव कशावर ठरतो ते पाहावे. बाजारात अखंड पांढऱ्या गराला डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२१०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशी प्रतींची नावे आहेत. त्यांतील आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, मावणाऱ्या अखंड गरांची संख्या होय. आकडा जितका लहान, तितका गर मोठा व भाव अधिक. फुटलेल्या गराची पाकळी व तुकडा यांना भाव त्याहून कमी मिळतो. म्हणजे गर अखंड राहिला की नाही, यावर मालाची किंमत ठरते. आणि तो अखंड ठेवणे हे कापणी व सोलणी करणाऱ्या स्त्रीच्या हातात असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० किलो बियांतून सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे २५ किलो गर निघाला असे धरू. एका स्त्रीने त्यातील २० किलो गर अखंड काढला व ५ किलो फुटला. दुसरीने १७ किलो अखंड काढला व ८ किलो फुटला. अखंड व फुटक्या गराच्या भावात किलोमागे २०० रुपयांचा फरक आहे असे मानले, तर पहिलीच्या कसबामुळे मालकास ३ × २०० = ६०० रुपये अधिक मिळाले. परंतु मजुरी जर केवळ किलोवर दिली जात असेल, तर दोघींच्या पदरात सारखेच पैसे पडतात. इतकेच नव्हे, तर घाई करून अधिक माल फोडणारी स्त्री दिवसाकाठी जास्त मिळवून जाते. कसबाची किंमत बाजार देतो, पण ती कसब असणाऱ्या हातापर्यंत पोहोचत नाही. यावर उपाय अवघड नाही. मूळ दर किलोवर ठेवून, अखंड गराच्या प्रमाणावर वेगळी वाढ द्यावी. यात मालकाचे नुकसान नाही. तुकडा कमी झाला की त्याचाच फायदा होतो.

दुसरी बाब आरोग्याची. काजूच्या कवचात दाहक तेल असते. ते कातडीला लागले की कातडी भाजते, काळी पडते व सोलवटते. कापणी करणाऱ्या स्त्रियांची बोटे पाहिली की याची खात्री पटते. हाताला एरंडेल किंवा खोबरेल तेल चोळून वर राख लावण्याची जुनी रीत काही प्रमाणात उपयोगी पडते. तथापि पातळ व घट्ट बसणारे हातमोजे हाच खरा उपाय होय. जाड मोज्यांनी हात मंदावतो आणि किलोवर मजुरी असल्याने स्त्रिया ते काढून ठेवतात. मोजे न वापरण्याचा दोष तिच्या अज्ञानाला देण्यापूर्वी मजुरीची पद्धत तपासावी. मोजे मालकाने पुरवावेत, ते फाटताच बदलून द्यावेत, आणि काम संपल्यावर साबणाने हात स्वच्छ धुतल्याखेरीज भाकरीला हात लावू नये.

तिसरी बाब शेतकऱ्याशी थेट संबंधित आहे. पैशाच्या निकडीमुळे पुष्कळ शेतकरी एप्रिल-मे महिन्यांत ओली-सुकी जशी असेल तशी बी व्यापाऱ्याला घालून मोकळे होतात. त्यांना भाव कमी मिळतो, हे नुकसान सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या नुकसानीकडे मात्र लक्ष जात नाही. बी गावाबाहेर गेली की तिच्याबरोबर कापणी, सोलणी व निवडीचे कामही गावाबाहेर जाते. लहान कारखाने कच्चा माल संपताच बंद पडतात. मोठे कारखाने आफ्रिकेतून बी मागवून चालू राहतात. त्याच शेतकऱ्याच्या घरातील स्त्री मात्र श्रावणात काम नाही म्हणून बसून राहते.

बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, ओलावा ८-९ टक्क्यांपर्यंत आणून, गोणपाटात भरून, फळ्यांवर भिंतीपासून दूर रचल्यास पावसाळ्यातही चांगली टिकते. पैशाची तातडीची गरज शेतमाल तारण योजनेतून भागविता येते. राज्य कृषी पणन मंडळामार्फत १९९०–९१ पासून चालू झालेल्या या योजनेत काजू बीचाही समावेश आहे. माल बाजार समितीच्या गुदामात ठेवून त्यावर कर्ज घ्यावे आणि भाव आला की विकावा. आपल्या पंचक्रोशीतील बाजार समितीत ही सोय आहे की नाही, याची चौकशी कार्यकर्त्याने हंगामापूर्वी जानेवारीतच करून ठेवावी.

आंबा व कोकम

हापूसच्या हंगामात झाडावर चढणे व झेल्याने फळ उतरविणे ही पुरुषांची कामे होत. बागांच्या राखणीस व तोडणीस अलीकडे नेपाळी मजूरही पुष्कळ येतात. फळे वाहणे, डेख कापणे, वजनाप्रमाणे निवडणे, गवतात आढी लावणे व पेट्या भरणे यांत स्त्रियांचा मोठा वाटा असतो. तापलेल्या कातळावर उतरविलेली फळे पसरू नयेत, त्यांना उन्हाचा चटका बसू देऊ नये, या साध्या गोष्टींवर फळाचा दर्जा अवलंबून असतो. मे महिन्यात रस भरण्याचे कारखाने सुरू झाले की धुणे, सोलणे, कोय काढणे यांसाठी स्त्रियांना मागणी येते. हा हंगाम लहान, सहा-आठ आठवड्यांचा असतो. परंतु आंबापोळी, फणसपोळी, लोणची यांचे घरगुती उत्पादन त्याला जोडल्यास कामाचे दिवस वाढतात.

कोकमाचा उद्योग तर परंपरेने स्त्रियांचाच आहे. फळे फोडून साल वेगळी करणे, तीच साल कोकमाच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळविणे व आमसुले करणे, मीठ घालून आगळ काढणे, बियांपासून तेल काढणे ही सर्व कामे त्या जाणतात. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. अडचण पावसाची आहे. बरीचशी फळे मेअखेर व जूनमध्ये पिकतात आणि पहिल्या पावसात सडून जातात. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने प्रसृत केलेली कोकण अमृता ही जात पावसापूर्वी तयार होते. बांधावर व परसात अशी कलमे लावणे म्हणजे घरातील स्त्रीच्या कामाच्या दिवसांत भर घालणेच होय.

मासळी व खाडी

समुद्रावर पुरुष जातात. पण होडी किनाऱ्याला लागल्यावर मासळीचा प्रवास स्त्रियांच्या पाट्यांतून होतो. लिलावात बोली करणे, बर्फ घालणे, गावोगाव व आठवडा बाजारात विक्री करणे आणि उरलेली मासळी खारवून सुकविणे ही कामे मच्छीमार समाजातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कारखान्यांत कोळंबी सोलण्याचे कामही स्त्रियांकडे असते. हे काम बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास उभे राहून करावे लागते व मजुरी वजनावर मिळते. म्हणून वजनकाटा समोर असणे, प्रत्येक पाटीची चिठ्ठी मिळणे, तसेच रबरी मोजे व बूट पुरविले जाणे आवश्यक आहे.

सुक्या मासळीत एका लहान सुधारणेने मोठा फरक पडतो. वाळूवर पसरलेल्या मासळीत रेती जाते, कुत्री-कावळे तोंड घालतात व भाव पडतो. कमरेइतक्या उंचीच्या बांबूच्या मांडवावर जाळे ताणून त्यावर सुकविलेली मासळी स्वच्छ राहते, खालून-वरून वारा लागल्याने लवकर सुकते आणि शहरातील गिऱ्हाईक तिला अधिक दाम देते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ताजी मासळी कमी असते. तेव्हा चांगली सुकविलेली मासळी हाताशी असल्यास त्या दोन महिन्यांची चूल चालते.

खाडीतील ओहोटीच्या वेळी तिसऱ्या, कालवे वेचण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांची तर कोणत्याच वहीत नोंद नसते. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत एका महिला बचतगटाने होडीतून कांदळवनाची सफर घडविण्याचा व्यवसाय चालविला आहे. ज्या खाडीत पूर्वी केवळ पोटापुरती मासळी मिळत असे, तेथे कांदळवन राखून उत्पन्न मिळते, हा त्याचा धडा होय.

काथ्या व पर्यटन

नारळाची सोडणे कोकणात चुलीत जातात किंवा परसात कुजतात. तीच कुजवून वा यंत्राने सोडवून त्यांचा काथ्या व सुंभ करण्याचा उद्योग घराजवळ बसून, वर्षभर करता येतो. पावसाळ्यातही तो थांबत नाही, ही त्याची मोठी सोय. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या काथ्या मंडळामार्फत स्त्रियांना सूत काढण्याचे प्रशिक्षण दिले जाते. तथापि सोडणांचा नियमित पुरवठा व तयार मालाचे गिऱ्हाईक यांची खात्री करून मगच यंत्रे घ्यावीत; गिऱ्हाईकाखेरीज घेतलेले यंत्र पडवीत गंजते.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मालवण, तारकर्लीच्या परिसरात घरगुती जेवण व न्याहारी-निवास यांतून स्त्रियांना ऑक्टोबर ते मे या काळात काम मिळते. यातही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाहुण्यांचे पैसे ज्याच्या नावाने जमा होतात, त्याचाच धंदा समजला जातो. रांधणारीचा वाटा वेगळा लिहून ठेवला नाही तर ते पुन्हा “घरकाम”च ठरते.

वर्षाचा हिशेब

आता हे सर्व एकत्र मांडू. समजा, एका स्त्रीने एका वर्षात पुढीलप्रमाणे काम केले :

जून-जुलै : तरवा काढणे व लावणी — ४० दिवस
ऑगस्ट : बेणणी — १५ दिवस
ऑक्टोबर-नोव्हेंबर : भातकापणी व झोडणी — ३५ दिवस
डिसेंबर-जानेवारी : कुळीथ, वाल व भाजीपाला — २० दिवस
फेब्रुवारी ते मे : काजू कारखाना — ८० दिवस
मे : आमसुले — १५ दिवस

एकूण २०५ दिवस भरतात. यांत गुरे, गवत, सरपण व पाणी धरलेले नाही. यांतील कोणतेही एक काम तीन महिन्यांहून अधिक नाही, म्हणून “काय काम करते?” या प्रश्नाला एक उत्तर सुचत नाही आणि “घरीच असते” असे सांगितले जाते.

याचा परिणाम नोंदीवर होतो. २०११ च्या जनगणनेत वर्षातून सहा महिने वा अधिक काळ उत्पादक काम करणाऱ्यास मुख्य काम करणारा, त्याहून कमी काळ करणाऱ्यास सीमांतिक काम करणारा आणि मुळीच न करणाऱ्यास काम न करणारा असे तीन वर्ग होते. घरच्या शेतावरील बिनमजुरीचे कामही त्यात काम म्हणून धरले जाते. वरील स्त्रीचे २०५ दिवस सहा महिन्यांहून अधिक होत असल्याने ती पहिल्या वर्गात मोडते. परंतु दारावर मिळालेल्या उत्तरामुळे तिची गणना तिसऱ्या वर्गात होण्याचा संभव असतो. २०२७ च्या जनगणनेची घोषणा झालेली आहे. ज्यांची नोंद नाही त्यांच्यासाठी पाळणाघर, प्रशिक्षण, गुदाम वा विमा यांची योजना कोण आखणार? सबब हा केवळ आकड्यांचा प्रश्न नाही.

कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी काय करावे

१. कामाची विचारपूस महिनावार करावी. “जूनमध्ये काय करता? ऑक्टोबरमध्ये? फेब्रुवारीत?” असे विचारले म्हणजे उत्तरे आपोआप येतात. प्रत्येक वाडीसाठी असे एक कामाचे वेळापत्रक तयार करून ग्रामपंचायतीत लावावे. कोणते महिने रिकामे आहेत हे त्यावरून दिसेल व कोणता उद्योग कोठे बसवावा हे ठरविता येईल.

२. प्रशिक्षण काम करणाऱ्या हातांना द्यावे आणि त्यांच्या वेळेला द्यावे. सकाळी अकराची सभा पुरुषांना सोयीची असते. त्या वेळी स्त्री शेतात, कारखान्यात वा बाजारात असते.

३. गावातील कच्चा माल गावात अधिक काळ राखावा. बी वाळविणे, साठविणे, तारण ठेवणे व दहा-पंधरा घरांनी मिळून एक लहान प्रक्रिया केंद्र चालविणे, हा क्रम ठेवावा. खाद्यपदार्थांचा धंदा करताना अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी जरूर करून घ्यावी.

४. मजुरीचा हिशेब लेखी असावा. वजन समोर व्हावे, चिठ्ठी मिळावी व पैसे स्त्रीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावेत. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्याने मान्य झाले व पुढे २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाले. एकाच शेतात एकच काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांची मजुरी वेगळी ठेवण्यास काही आधार नाही.

५. जमिनीवर स्त्रीचे नाव लागावे. पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्यासाठी शासनाने १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजना आणली. मुलींना वडिलार्जित मिळकतीत समान हक्क राज्यात १९९४ साली व देशभर २००५ साली मिळाला. २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो सातबाऱ्यावरील नावावरून मिळतो. धनी मुंबईस व शेती करणारी गावी, अशा घरात शेती करणारीचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर अनुदान, पीककर्ज व नुकसानभरपाई या सर्वांना ती मुकते. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करण्याचे काम गणपतीला वा शिमग्याला घरधनी गावी येतो तेव्हा उरकून घ्यावे.

समारोप

स्त्रियांच्या रोजगाराचा विषय निघाला की मोठा कारखाना केव्हा येईल, याची चर्चा सुरू होते. कारखाना आला तर त्याचे स्वागतच आहे. परंतु काजू, कोकम, मासळी, नारळ व भात हे पाच धंदे आज आपल्या दारात आहेत आणि त्यांचा दर्जा ज्या कामांवर ठरतो ती कामे स्त्रियांच्या हातची आहेत. माल वाळवून गावात राखला, कसबाला कसबाचा दर दिला आणि काम करणारीचे नाव वहीत, खात्यात व सातबाऱ्यावर लागले, तर याच धंद्यांतून रिकामे महिने भरून निघतील. येत्या हंगामात निदान आपल्या वाडीतील दहा घरांचे महिनावार वेळापत्रक तयार करून प्रत्येक कार्यकर्त्याने या कामास आरंभ करावा. शेतकरी बंधूंनीही आपल्या घरातील भगिनींच्या कामाचे दिवस एकदा बोटांवर मोजून पाहावेत, अशी विनंती आहे.